विंगेतली दुसरी खुर्ची

जर्मनीहून परत आल्यापासून आमच्या कऱ्हाडच्या हास्यक्लबातल्या बायका एकच विचारतात, "काकू, काय काय पाहिलंत?" मग मी मोबाइल काढून नदी, पूल, काळ्या पडलेल्या दगडांचे राजवाडे असं दाखवते. त्या "अगंबाई, केवढं ते!" म्हणतात आणि विषय संपतो. पण खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांत मी मन लावून एकच काम केलं. तळमजल्यावर राहणाऱ्या एका म्हातारीवर जळले. राजवाड्यांचे फोटो तुम्हाला कुठेही मिळतील. हे दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून तेच लिहिते.

ड्रेस्डेन, पहिला आठवडा

माझी मुलगी मंजू आणि जावई निखिलराव गेली अठरा वर्षं ड्रेस्डेनला आहेत. जावयांचं काम चिप बनवायच्या कारखान्यात. (चिप म्हणजे वेफर नव्हे, मोबाइलमधली. मी पहिल्यांदा वेफरच समजले होते.) त्यांची एकुलती एक लेक इरा, सोळा वर्षांची, तिथेच जन्मलेली. दर रविवारी फोनवर "आजी, कशी आहेस?" एवढं म्हणते, मी उत्तर देईपर्यंत फोन आईच्या हातात गेलेला असतो.

तिला मराठी सगळं समजतं. उत्तर मात्र जर्मनमध्ये. मी मराठीत विचारणार, ती जर्मनमध्ये सांगणार आणि मधे मंजू दोघींचं एकमेकींना पोचवणार. जावई विनोदी आहेत. म्हणाले, "हे बघा आई, आमच्याकडे टेनिस असतं. मंजू म्हणजे नेट." हसले मी, पण मनात एक ठरवून गेले होते. हे गुडघे घेऊन मी परत काही येणार नाही. तेव्हा निघायच्या आधी या मुलीने मधे आईला न घेता माझ्याशी दोन वाक्यं मराठीत बोलावीत. बाकी काही बघायला मिळालं नाही तरी चालेल.

तिसऱ्या दिवशी भाजणीचं थालीपीठ लावलं. चार वाजता इरा शाळेतून आली, दप्तर टाकलं, माझ्या गालाला गाल लावला, काहीतरी बोलली आणि जिन्यावरून खाली पळाली.

"कुठे गेली गं?"

"ओमा क्राउझेंकडे. नाटकाचं पाठांतर करायला."

"ओमा म्हणजे?"

"आजी."

"मग मी कोण?"

"तू आजी. त्या ओमा."

"दोन्हीचा अर्थ एकच ना?"

"आई, थालीपीठ करपतंय."

करपलंच.

आयरशेके

दुसऱ्या दिवशी त्या बाई स्वतःच वर आल्या. फ्राउ क्राउझे. वय अठ्ठ्याहत्तर, म्हणजे माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. काठी नाही, कठड्याला हात नाही, तीन मजले चढून आल्या आणि श्वास जसाच्या तसा. पांढरे केस मानेपर्यंत कापलेले. हातात आयरशेके नावाचा केक. खाली पोळीसारखा थर, मधे चक्क्यासारखा, वर अंड्याचा पिवळा. गोड बेताचं. मी मुद्दाम लहान तुकडा घेतला, की काहीतरी खोट काढता येईल. खोट सापडली नाही. त्याने अजूनच डोकं फिरलं.

त्या भागातली माणसं हो म्हणायला "या" म्हणत नाहीत, "नू" म्हणतात. इरा त्यांच्याशी बोलताना सारखी "नू, नू" करत होती. आईबापांशी नाही हो करत! त्यांच्याशीच. आणि त्या बोलायला लागल्या की ही पोरगी मोबाइल पालथा ठेवायची. माझ्यासमोर कधी पालथा नव्हता ठेवला.

मी मंजूला म्हटलं, "विचार त्यांना, आधी काय करत होत्या."

मंजूने विचारलं, ऐकलं आणि माझ्याकडे वळून डोळे मोठे केले.

"काय गं?"

"आई, त्या सुफ्लोझ होत्या. इथल्या नाटकगृहात. चाळीस वर्षं. म्हणजे..." तिला हसू आवरेना. "म्हणजे प्रॉम्प्टर."

मी कप खाली ठेवला.

आता तुम्हाला सांगायला हवं. मी सातवी शिकलेली. पण आमच्या महिला मंडळाच्या नाटकांची एकतीस वर्षं प्रॉम्प्टर होते. स्टेजवर उभं राहणं मला कधी जमलं नाही, पण अंधारात वाचायला सांगा, कधी ओळ चुकली नाही. सगळ्यांच्या नकला, म्हणजे भूमिकांच्या वह्या, मीच उतरवून काढायची. लिहायला शिकले ती तिथे. पुरुषांची कामंही आमच्यात बायकाच करायच्या, डिंकाने मिश्या चिकटवून. आमची कमल देशमाने तर अशी हीरो व्हायची, की पहिल्या रांगेतल्या बायका पदर सावरून बसायच्या. हार कमलला, फोटो कमलचा. मी विंगेत, स्टुलावर. जगात माझ्यापाशी माझं म्हणून एक कसब होतं, आणि माझ्या नातीच्या ओमाने तेसुद्धा पगार घेऊन केलेलं!

तरी म्हटलं, बघू तरी. आमच्याकडे प्रॉम्प्टर अख्खं नाटक वाचतो, नटाच्या अर्धा शब्द पुढे. तालमी कमी, पाठांतर त्याहून कमी, मग करणार काय? त्या म्हणाल्या, आमच्याकडे नाही वाचत. ओळीवर बोट ठेवून बसायचं. नट अडला तरच पहिला शब्द द्यायचा. एकच.

"मग बाकीचा वेळ काय करता?" मी विचारलं. जरा खोचकच.

त्यांनी विचार करून उत्तर दिलं. मंजू म्हणाली, "त्या म्हणतात, श्वास ऐकते."

मी मनात म्हटलं, दिमाख बघा.

एल्बेच्या पलीकडे

इराची शाळा एल्बे नदीच्या पलीकडे. तिच्या नाटकाला प्रॉम्प्टर फ्राउ क्राउझेच, म्हणून संध्याकाळच्या तालमीला आम्ही चौघी जायचो. ट्रामने पूल ओलांडताना गवताळ काठ दिसतात, कृष्णाकाठासारखेच रुंद, फक्त म्हशी नाहीत. ट्राम घड्याळाच्या काट्यावर. उतरले की फ्राउ क्राउझे पुढे, इरा त्यांच्या बरोबरीने, मी आणि मंजू मागे. हा क्रम कुणी ठरवला नव्हता. माझे गुडघे ठरवत होते.

नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजी. लेखकाचं नाव सांगायची गरज नाही, सगळ्या जगाला माहीत आहे. शाळेच्या बाईंनी आजच्या जर्मनमध्ये बसवलेलं. गोष्ट अशी: जहाज फुटतं, जुळ्या भावंडांची ताटातूट होते. बहीण परक्या मुलखात पुरुषाचा वेष घेऊन एका सरदाराकडे चाकरीला राहते आणि त्याच्याच प्रेमात पडते. सरदाराचं मन भलत्याच बाईवर, आणि तिच्याकडे प्रेमाचे निरोप न्यायला तो कुणाला पाठवतो? हिलाच! ही बिचारी दुसऱ्याचे शब्द घेऊन जाते. त्यात ती बाई हिलाच पुरुष समजून हिच्यावर भाळते. सगळे चुकीच्या माणसावर प्रेम करतायत आणि बघणारे हसतायत. मला नव्हतं हसू येत. जिच्यावर जळायचं तिच्याच दारात गोड बोलून उभं राहायचं, हे मी रोज चार वाजता केक खाताना करत होते.

त्या पोरीचं काम इराचं. शाळेत दोन वर्षं तिला नुसतं गर्दीतलं काम मिळालं होतं. यंदा मुख्य. त्यामुळे घरात दुसरा विषय नव्हता.

परतताना फ्राउ क्राउझे नाटकाची कुळकथा सांगायच्या. त्या काळी इंग्लंडात बायका स्टेजवर जात नसत. मिसरूड न फुटलेले मुलगे बायका व्हायचे. म्हणजे हे काम करणारा मुलगा, त्याची झालेली मुलगी, तिचा पुन्हा झालेला मुलगा! पुढे बायका स्टेजवर आल्या तेव्हा हे काम हवं म्हणून त्यांच्यात चढाओढ लागायची. आणि जर्मन लोकांनी या लेखकाची भाषांतरं पिढ्यान्‌पिढ्या इतकी केली, इतकी बघितली, की तो त्यांना आपल्याच गावचा वाटतो.

इथे मात्र मी मंजूला ढोसलं. "सांग त्यांना! आमच्याकडेही शंभर वर्षांमागे पुरुषच नऊवारी नेसून नायिका व्हायचे. आणि असे दिसायचे, की घरंदाज बायका त्यांच्यासारखं नेसणं उचलायच्या, दागिने तसे घडवून घ्यायच्या. या लेखकाची नाटकंही मराठीत आणली आमच्या लोकांनी. नायक-नायिकांची नावं बदलली, पदं घातली."

"पदं? त्यात?" फ्राउ क्राउझे थांबल्याच रस्त्यात.

"मग! गाण्याशिवाय प्रेम कसं कळणार?"

त्या खूप हसल्या. इराही हसली. माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. जर्मनमध्येच.

माझी वही

मग मी एक गोष्ट चोरून केली. इराने पाठांतरासाठी स्वतःचे संवाद मोबाइलवर भरून आईलाही पाठवले होते. मंजू ऑफिसात गेली की मी ते तिच्या घरातल्या टॅबवर लावायची आणि ऐकू येईल तसं देवनागरीत लिहून काढायची. अर्थ ओळीखाली पेन्सिलीने, संध्याकाळी मंजूला एकेक शब्द विचारून. तिला वाटायचं, आई जर्मन शिकतेय. तीन आठवड्यांत इराची अख्खी नक्कल माझ्या शंभर पानी वहीत होती. म्हटलं, त्या ओमाला चाळीस वर्षं लागली असतील, मला तीन आठवडे.

तालमीला मी तिसऱ्या रांगेत बसायची. वही पिशवीत, ओळी तोंडात.

आणि एक दिवस जेवताना इरा आईला काहीतरी तणतणत बोलली. मंजूचा चेहरा पडला.

"काय म्हणते?"

"काही नाही गं."

"नेट आहेस ना तू? मग बॉल पलीकडे टाक."

मंजू हळूच म्हणाली, "ती म्हणते, आजीला तालमीला यायलाच हवं का? तिचे ओठ हलतात, माझ्या पुढे पुढे. मी तिच्याकडे बघते आणि चुकते."

एकतीस वर्षांची सवय. मला ठाऊकही नव्हतं ओठ हलतात ते. मी म्हटलं, "बरं," आणि भाताचं ताट संपवलं. शेवटच्या दोन तालमींना मी गेले नाही. घरी बसून चकल्या केल्या. त्यांनाही काटा आला नाही धड.

शनिवार, पहिला प्रयोग

प्रयोग संध्याकाळी पाच वाजता. मी डब्यात दही-साखर नेली होती. शुभकामाला निघताना हातावर दही-साखर, एवढं तरी आजीचं. आत गेले तर इरा मुलाच्या कपड्यात, ओठावर बारीक मिशी चिकटवलेली. तिने डबा बघितला, मिशीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. ओलं चालणार नव्हतं. कमलच्या मिश्या एकतीस वर्षं मी चिकटवल्या, मला कळायला हवं होतं.

तेवढ्यात फ्राउ क्राउझे आल्या. तिच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं, "टॉय टॉय टॉय" म्हणाल्या. तिकडच्या नाटकवाल्यांची ती रीत. इराने डोळे मिटून घेतले. मी त्या खांद्याकडे बघत उभी राहिले, हातात दही. मला बरंच काही वाटलं, ते लिहीत नाही. मग दही जावयांना दिलं. ते म्हणाले, "आई, प्रयोग माझा नाहीये." पण खाल्लं.

आम्ही दुसऱ्या रांगेत. उजव्या विंगेत काळ्या पडद्याआड खुर्चीवर फ्राउ क्राउझे, मला त्यांचा गुडघा आणि वहीचा कोपरा दिसत होता. मी पदराचं टोक तोंडात धरून बसले, ओठ हलू नयेत म्हणून. इरा काय बोलत होती! चाल मुलाची, आणि सरदार पाठमोरा झाला की नजर मुलीची. पदर माझ्या तोंडातून कधी सुटला कळलं नाही.

आणि तो प्रवेश आला. सरदार म्हणतो, बायकांना असं प्रेम करता येतच नाही. ही म्हणते, माझ्या बहिणीने केलं होतं. तो विचारतो, मग तिचं पुढे काय झालं?

इथे इराची ओळ. झी हाट गेश्वीगन. म्हणजे, ती गप्पच राहिली.

इरा बोलेना.

मी विंगेकडे पाहिलं. तो गुडघा जागचा हलेना. इरा समोर बघतेय. एक क्षण, दोन, तीन. अख्खं सभागृह थांबलेलं. अगं बाई, दे ना शब्द! झोपलीस का? पोरगी अडलीय!

आणि मी दिला. पहिला शब्द नाही, अख्खी ओळ. विंगेतून स्टेजच्या पार पलीकडच्या नटापर्यंत पोचवायचा आवाज तो, कऱ्हाडचा. "झी हाट गेश्वीगन!"

माणसं वळून बघायला लागली. मंजूने माझा हात धरला. जावई खुर्चीत खाली खाली सरकले. ती अडली नव्हती हो. तो थांबा होता. शेवटच्या तालमीत बसवलेला, मी चकल्या तळत होते तेव्हा. आणि ओळ कुठली, तर ती गप्प राहिली म्हणून सांगणारी. अख्ख्या जर्मनीत ती ओळ ओरडायला मीच सापडले.

स्टेजवर इराने मान थोडीशी वळवली. सरदाराकडे नाही, दुसऱ्या रांगेकडे. आणि त्या मिशीखालून, शांतपणे, स्वच्छ मराठीत म्हणाली,

"हो आजी. सांगते."

लोक हसले. कळलं कुणाला काहीच नसेल, पण ओरडणारी तिची आजी आहे, एवढं कळलं असावं. हसू ओसरेपर्यंत ती थांबली. मग पुन्हा सरदाराकडे वळली, पुन्हा तेवढाच थांबा घेतला आणि ओळ म्हणाली. या वेळी कुणी श्वासही घेतला नाही. मी तर नाहीच.

पडद्यामागे

मला आत जायचं नव्हतं. मंजूने ढकललं. इरा मिशी उपटत होती. मी म्हटलं, "चुकले बाळा. माझं तोंड..." तिने मला मिठी मारली. घामाची, पावडरची. पण काही बोलली नाही, आणि मला वाटलं, स्टेजवरचं ते नाटकाचं बोलणं होतं, आता पुन्हा टेनिस.

मंजू आणि जावई शाळेच्या बाईंची माफी मागायला गेले होते. राहिलो आम्ही तिघी. फ्राउ क्राउझे खुर्चीवर तशाच बसलेल्या, वही मांडीवर. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्या काहीतरी बोलल्या, बराच वेळ, माझ्याकडे बघून. आणि आता सांगणार कोण? मधे मंजू नव्हती.

इराने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ओमा म्हणते..." ती अडखळली. मी ओठ घट्ट मिटले. या वेळी शब्द द्यायचा नाही. "ओमा म्हणते, चाळीस वर्षं ती... तिथे बसली. शब्द दिला. पण स्टेजवरून तिला कोणी उत्तर नाही दिलं. एकदा पण नाही. म्हणून ती नाइडिश आहे. मराठीत काय?"

"नाइडिश म्हणजे?"

"दुसऱ्याकडे आहे, मला नाही, मग पोटात... असं." तिने पोटापाशी मूठ पिळून दाखवली.

"जळते," मी म्हटलं.

"हां. ओमा तुझ्यावर जळते."

मी खालीच बसले, रंगाच्या डब्यावर. दोन महिने जे मी पोटात वागवत होते ते त्या बाई सरळ तोंडावर सांगून मोकळ्या झाल्या होत्या! मग मीही सांगितलं. कमलचं, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. स्पर्धेच्या प्रयोगात कमल ऐन प्रवेशात अडली. शब्द माझ्या जिभेवर होता. तिने विंगेकडे पाहिलं, आणि मी मनात पाच मोजेपर्यंत दिला नाही. तिचे हार, तिचे फोटो, सगळं त्या पाच आकड्यांत होतं. मग दिला. बक्षीस गेलं. कमल शेवटपर्यंत म्हणत राहिली, चूक माझी, मीच विसरले.

इराला सगळे शब्द सापडले नाहीत, पण तिने सांगितलं. फ्राउ क्राउझे ऐकून घेत होत्या, मधे "नू" नाही की काही नाही. मला वाटलं, आता ही बाई माझ्याकडे बघणार नाही. प्रॉम्प्टरमध्ये याहून मोठा गुन्हा नाही.

त्या उठल्या. कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढून आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. मग इराला काहीतरी म्हणाल्या.

"उद्या तू इथे बस," इरा म्हणाली. "पण तोंड बंद. हे मी म्हणते. ओमा नाही."

रविवार

दुसऱ्या प्रयोगाला आम्ही दोघी विंगेत. त्यांच्या मांडीवर छापील नाटक, माझ्या मांडीवर शंभर पानी वही. त्यांनी माझी देवनागरी बघितली, पान हळूच उलटलं, पुन्हा मागे घेतलं. मग डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. नाडी बघतात तसा.

बोलायची भाषा आमच्यात नव्हतीच. पण इराने मधेच श्वास घेतला की त्यांचं बोट माझ्या मनगटावर किंचित दाबायचं: हा थांबा, हा थांबा. आणि खरंच, अडलेल्या माणसाचा श्वास वर राहतो, थांबलेल्याचा खाली बसतो. एकतीस वर्षांत मला हे कळलं नव्हतं, कारण मी सारखी बोलत होते.

तो प्रवेश आला. सरदाराने विचारलं, मग तिचं पुढे काय झालं?

बोट दाबलं गेलं, चांगलं घट्ट. इरा आमच्या बाजूला तोंड करून उभी. मी मनात मोजायला लागले. एक. ओळ माझ्या जिभेवर होती. दोन. तीन. विंगेकडे बघणारी कमल डोळ्यांपुढे आली. चार. त्या म्हाताऱ्या बोटाचा दाब कमी होईना. माझ्याहून सात वर्षांनी मोठं, कठड्याशिवाय तीन मजले चढणारं, श्वास ऐकणारं बोट. जळले मी त्याच्यावर, अगदी तेव्हासुद्धा.

पाच.

इरा बोलली. मी नाही.